शोषखड्ड्यावर मुळा आणि माठ जोरात आलाय, खायचा की उपटायचा?

परड्यातली

नमस्कार मंडळी, इथे पहिल्यांदाच लिहितेय, जरा लांबलं तर सांभाळून घ्या. आमचं घर संगमेश्वर तालुक्यात, डोंगराच्या पायथ्याला. दोन वर्षांपूर्वी मागच्या पडवीला लागून नवीन संडास बांधला तेव्हा गवंड्याने सेप्टिक टाकी केली आणि टाकीतून बाहेर पडणारं पाणी जिरायला पुढे शोषखड्डा मारला. चार फूट रुंद, सहा-साडेसहा फूट खोल, आत जांभ्या दगडाचे तुकडे भरलेले, वर फरशा आणि त्यावर हातभर माती. आता पौष लागला, बाकी सगळं परडं सुकायला आलंय पण त्या खड्ड्यावर आणि त्याच्या खालच्या अंगाला पाच-सहा फूट गवत नुसतं हिरवंगार. सासूबाईंनी ते गेल्या वर्षीच हेरून ठेवलं होतं, यंदा दिवाळी झाल्या झाल्या तिथे लाल माठ, मुळा आणि कोथिंबीर टाकली, कडेला पडवळाचा छोटा मांडव घातला. पाणी घालावं लागत नाही, शेण नाही की खत नाही आणि मुळा असा आलाय की वाडीतली माणसं बघायला येतात.

माझ्या मनात मात्र पहिल्या दिवसापासून धाकधूक आहे. मुलं दोन, एक ४ वर्षांचा, एक ९ वर्षांची. मोठी परवा मुळा उपटून फ्रॉकला पुसून तशीच खाताना दिसली, मला एकदम पोटात कालवलं. सासूबाईंचं म्हणणं असं की आपल्या मोरीच्या पाण्यावर केळ आणि अळू जन्मभर वाढवलं, तेच खाऊन तुझा नवरा मोठा झाला, मग ह्या पाण्याने काय घोडं मारलंय. त्या चुकीचं बोलतायत असं मी छातीठोक सांगू शकत नाही कारण मलाच नक्की माहीत नाही. ज्यांना ह्यातलं कळतं त्यांनी कृपया खरं काय ते सांगा.

घाटावरचा

ताई, काळजी करू नका, खुशाल खा. मी कराडकडचा. आमच्या आजोबांच्या काळात सोनखत, म्हणजे माणसाच्या मैल्याचं खत, विकत घेऊन मळ्यात टाकायचे लोक, त्याच्यावरची वांगी आणि मिरची बाजारात पहिली उचलली जायची. माणसाचं असो की गुराचं, मातीत गेलं की मातीच होतं. तुमच्या कोकणातच आप्पा पटवर्धनांनी कणकवलीच्या गोपुरी आश्रमात आयुष्य घातलं ह्या कामात, गोपुरी संडास काढला, मैल्याचं खत करून शेताला घालायला शिकवलं. आजकाल सगळ्याचीच भीती घालतात. भाजी स्वच्छ धुवा आणि शिजवा, झालं.

मैलापाणी

घाटावरचे दादा, आप्पांचं नाव काढलंत, बरं वाटलं. पण त्यांचं काम नेमकं काय होतं ते नीट बघितलं तर ताईंच्या खड्ड्याला ते लागू होत नाही. मी २२ वर्षं ग्रामीण पाणी आणि स्वच्छतेच्या कामात काढली आणि हा घोळ गावोगाव बघितलाय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सोनखत म्हणजे थांबलेला मैला. खड्डा भरला की बंद करायचा, माती-पालापाचोळा घालायचा आणि हात लावायचा नाही. दोन खड्ड्यांच्या संडासात हेच असतं, एक भरला की दुसरा चालू, पहिला वर्ष-दीड वर्ष तसाच मिटलेला. तेवढ्यात आतलं सगळं कोरडं, भुसभुशीत, वास नसलेलं होतं आणि रोगजंतू बहुतेक मरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या मार्गदर्शक सूचनांतही आपल्यासारख्या गरम हवेत मैला नुसता साठवून ठेवायचा असेल तर वर्षाहून जास्त ठेवा असंच आहे. सोनखतात जादू काही नाही, तिथे काळ काम करतो.

सेप्टिक टाकीत हा काळच मिळत नाही. लोकांना वाटतं टाकीत पाणी शुद्ध होतं. तसं होत नाही. जड असतं ते तळाला बसतं, तेलकट असतं ते वर तरंगतं, मधलं पाणी दुसऱ्या टोकाने बाहेर पडतं आणि हे पाणी टाकीत राहतं जेमतेम एक-दोन दिवस. म्हणजे आज संडासात ओतलेली बादली परवा तुमच्या शोषखड्ड्यात. दिसायला गढूळ पाणी, पण त्यात जुलाबाचे, टायफॉइडचे, काविळीचे, जे काही घरातल्या किंवा पाहुण्याच्या पोटात असेल त्याचे जंतू जिवंत असतात. जंतांची अंडी बरीचशी टाकीच्या तळाला बसतात पण सगळी नाही, आणि गोल जंताचं अंडं ओल्या सावलीच्या मातीत महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षं टिकतं. ते चिकट असतं, नुसतं पाण्याखाली धुऊन जात नाही.

आता सासूबाईंच्या मुद्द्याकडे येतो, त्यांचा मुद्दा अडाणीपणाचा अजिबात नाही. मोरीच्या पाण्यावर केळ, अळू आणि कर्दळ लावणं ही आपल्या बायकांनी पिढ्यान् पिढ्या जपलेली चांगली रीत आहे. भांड्याचं आणि अंघोळीचं ते पाणी, त्याला झाडं लावलीच पाहिजेत. गोंधळ झालाय तो शब्दामुळे. नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णी गावाने घरोघर शोषखड्डे करून गटारं बंद केली, डास हटवले, ते ऐकून गावोगाव शोषखड्डे झाले, पण ते होते सांडपाण्याचे, म्हणजे मोरीच्या पाण्याचे. सेप्टिक टाकीच्या पुढच्या खड्ड्यालाही आपण शोषखड्डाच म्हणतो. नाव एक, आतलं पाणी अगदी वेगळं. सासूबाईंना हे असं सांगून बघा, तुमचं मोरीचं अळू बरोबर होतं पण हे ते पाणी नाही.

मुळा आणि कोथिंबीर तर मुळीच खाऊ नका. मुळा त्या मातीतच वाढतो, कोथिंबीर कच्ची पडते, माठाच्या पानांवर पाऊस-दवाने चिखल उडतो. जंतू मुळातून चढून फळात जातात का ही भीती लोकांना जास्त असते, खरा धोका त्याहून साधा आहे, तो मातीचा, हातांचा आणि विळीचा.

आणि आता माझा प्रश्न, भाजीपेक्षा मला त्याचीच जास्त काळजी वाटतेय. तुमची विहीर खड्ड्यापासून किती लांब आहे आणि कुठल्या अंगाला?

नऊवाजता

पण शिजवून खाल्लं तर जंतू मरतातच ना? मग माठ चालायला काय हरकत? आम्ही पण खड्ड्याच्या कडेला भेंडी लावलीय म्हणून विचारतोय.

दोनपोरांचीआई

@नऊवाजता शिजवल्यावर मरतात, पण शिजायच्या आधी ती जुडी घरात येते ना. मी नर्स आहे, मुलांच्या वॉर्डमध्ये काम केलंय. माती लागलेली भाजी ओट्यावर, तीच विळी काकडीला, त्याच हातांनी पोळी, आणि मूल मध्येच येऊन काहीतरी उचलून तोंडात टाकतं. ताई, तुमच्या मुलीला आता काही त्रास नसला तरी डॉक्टरांना एकदा मुळ्याची गोष्ट सांगा, जंताचं औषध कधी दिलंय ते बघतील. आणि सासूबाई तिथे अनवाणी निंदायला बसत असतील तर ते आधी थांबवा. मैल्याचं पाणी वर येऊन माती भिजलेली असेल तर अंकुशकृमी तळपायाच्या कातडीतूनच आत शिरतो, तोंडातून जायची गरजच नाही. ह्या जंताने आतड्यातून रक्त जातं आणि बाईचं हिमोग्लोबिन उतरत राहतं, आपण मात्र लोहाच्या गोळ्या देत बसतो.

रॅलेकर

मी अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनात, रॅले शहराच्या बाहेर राहते, आमच्या इथे नगरपालिकेचं ड्रेनेज नाही, प्रत्येक घराची सेप्टिक टाकी आणि पुढे लीच फील्ड. म्हणजे खड्ड्याऐवजी लांबच लांब चर, त्यात खडी, खडीत भोकं पाडलेले पाइप, वर फूट-दीड फूट माती आणि गवत. आमच्या जागेत बाकी सगळीकडे पाइनची झाडं, सपाट आणि दिवसभर ऊन असलेला तुकडा एकच आणि तो म्हणजे ही लीच फील्ड! त्यामुळे इथे आलेल्या प्रत्येक घरात हा मोह होतोच. माझी आई नाशिकहून सहा महिन्यांसाठी आली होती, तिने पहिल्या आठवड्यातच मेथी आणि दोडक्याची जागा ठरवून टाकली. मी काउंटीच्या आरोग्य खात्याला फोन केला, तिथल्या बाईंनी अगदी शांतपणे समजावलं की तिथे भाजी नाही, वाफे नाहीत, टिलर नाही, गाडी नाही, फक्त गवत.

मी म्हटलं लाकडी चौकट करून वर फूटभर नवीन माती घालते, मग तर खालची माती लागणारच नाही. त्यावरचं उत्तर मला तेव्हा नवीन होतं. पाणी साफ करायचं काम टाकी करत नाही, ती चराखालची माती करते, त्या मातीतल्या सूक्ष्म जीवांना हवा लागते, आणि थोडं पाणी उन्हाने वाफ होऊन वरही जातं. वर फूटभर माती रचली आणि रोज पाइप धरला की खालचं सगळं गुदमरतं. चराच्या तळाशी एक काळा चिकट थर धरतो, थोडा असला तर तो गाळणीचं काम करतो, हवा तुटली की तो जाड होत जातो आणि मग पाणी खाली जिरायचं सोडून वर अंगणात येतं. त्यामुळे भाजीला पाणी देणं म्हणजे आपणच आपली फील्ड बुडवणं. झाडांचं पण तसंच, विलोसारखी पाण्याच्या मागे धावणारी झाडं पाइपमध्ये मुळं घालतात.

आमच्याकडे माती लाल चिकण, पाणी जिरता जिरत नाही, त्यामुळे हे फार जपावं लागतं. आईची मेथी शेवटी ड्राइव्हवेच्या कडेला मोठ्या टबांत झाली आणि दोडका कुंपणावर चढला. आणि ताई, मांडवाचे खांब तिथे रोवताना खाली काय आहे ते बघितलं होतं का?

परड्यातली

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. मैलापाणी काका, तुमचा विहिरीचा प्रश्न वाचला आणि मी त्याच संध्याकाळी टेप घेऊन मोजायला गेले. खड्ड्यापासून आमच्या विहिरीच्या कठड्यापर्यंत ३८ फूट. आणि विहीर खालच्या अंगाला आहे, मधे फक्त गडगा. मला वाटायचं सहा-साडेसहा फूट खोल खड्डा कुठे आणि २८ फूट खोल विहीर कुठे. प्यायचं पाणी आम्ही गाळून घेतो, उकळत नाही. गेल्या पावसाळ्यात धाकट्याला तीनदा जुलाब झाले होते, आम्ही म्हटलं फणस जास्त खाल्ला. आज ते सगळं आठवतंय आणि झोप येत नाहीये.

खांब रोवताना एक फरशी जरा हलली होती असं नवरा आत्ता सांगतोय.

मैलापाणी

ताई, स्वतःला दोष देऊ नका, जुलाबाला शंभर कारणं असतात आणि अजून काहीच सिद्ध झालेलं नाही. पण आज रात्रीपासून प्यायचं पाणी उकळा, नुसतं कोमट नाही, खळखळ उकळी येऊन एक मिनिट. धाकट्याचे दुधाचे पेले-वाट्या त्याच पाण्याने. गाळल्याने जंतू जात नाहीत.

नॅशनल बिल्डिंग कोडमध्ये असा शोषखड्डा प्यायच्या पाण्याच्या विहिरीपासून १८ मीटर तरी लांब हवा असं आहे, म्हणजे जवळजवळ ६० फूट. तुमचं ३८. तेही साध्या मातीत चालून जाईल असं कोणी म्हणेल, पण तुमच्याकडे जांभा आहे. जांभ्याला आरपार भोकं आणि नळ्या असतात. मातीतून पाणी झिरपत झिरपत गाळून जातं, जांभ्याच्या नळीतून ते नुसतं वाहत जातं, गाळायला वेळच मिळत नाही. रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस, आषाढात विहिरी काठोकाठ येतात, म्हणजे तेव्हा जमिनीतलं पाणीच वर चढून तुमच्या खड्ड्याच्या तळाला टेकत असणार. विहीर खोल आहे ह्याने काही फरक पडत नाही, पाण्याची पातळी कुठे आहे ते महत्त्वाचं. पौषातलं ते हिरवं गवतही तेच सांगतंय की पाणी खाली न जाता आडवं पसरतंय.

ग्रामपंचायतीत किंवा आरोग्य सेवकाकडे पाणी तपासायच्या छोट्या बाटल्या असतात, आत औषध असतं. खुणेपर्यंत विहिरीचं पाणी भरायचं, घरातच सावलीत एक-दोन दिवस ठेवायची, पाणी काळं पडलं तर मैल्याची लागण आहे असं धरायचं. मग पक्क्या तपासणीसाठी नमुना जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत पाठवायला सांगा, नमुना निर्जंतुक बाटलीतच घ्यावा लागतो. टीसीएल पावडर, म्हणजे पाण्यातले जंतू मारायची ब्लीचिंग पावडर, टाकतीलच ते, पण खड्डा जागेवर आहे तोवर टीसीएल म्हणजे गळक्या छपराखाली बादली ठेवण्यासारखं.

गवंडीकाम

फरशी हलली हे वाचलं म्हणून लिहितोय, नाहीतर मी फक्त वाचत असतो. त्या मांडवाखाली आता कोणालाही पाठवू नका, मुलांना तर अजिबात नाही. खड्ड्यावरची फरशी कडेला चार बोटं टेकवलेली असते, खाली दगड बसत जातात आणि मधे पोकळी होते. माझ्या डोळ्यासमोर एक म्हैस पुढचे दोन्ही पाय घेऊन आत गेलीय. आणि झाकण उघडून कोणी आत वाकायचं नाही, उतरायचं तर नाहीच, आतला गॅस दोन श्वासांत माणूस आडवा करतो आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही जातो. टाकी उपसायची ती गाडीवरच्या पंपानेच. दोन-तीन वर्षांनी उपसावीच लागते, तुमची वेळ झालीच आहे, गाळ वाढला की तोच खड्ड्यात जाऊन खड्डा तुंबतो.

खड्डा हलवायचा तर खर्च वाटतो तेवढा नाही. टाकी आहे तिथेच राहू दे. टाकीपासून चार इंची पीव्हीसी पाइप विहिरीच्या उलट्या अंगाला न्या, उतार नीट धरा, ६०-७० फुटांवर नवीन खड्डे दोन मारा, मधे छोटी चेंबर, म्हणजे सहा-सहा महिने आलटून पालटून चालवता येतील आणि बंद असलेला सुकून परत जिरवायला लागतो. खोल मारू नका, तीन-चार फूट पुरे, रुंदी वाढवा, जांभ्याच्या नळ्यांत जेवढं कमी शिराल तेवढं बरं. तळाला आणि बाजूने जाड वाळूचा थर द्या. जुना खड्डा मातीने नीट भरून टाका. मोरीचं पाणी टाकीत सोडलंय का तेही बघा, बरेच गवंडी सोय म्हणून एकच पाइप करतात. ते वेगळं काढलंत तर टाकीवरचा निम्म्याहून जास्त भार जाईल आणि ते पाणी केळीला मिळेल.

घाटावरचा

ताई, मी आधी खुशाल खा म्हणालो ते मागे घेतो. सोनखत आणि हे पाणी ह्यातला फरक मलाही ठाऊक नव्हता. माझ्या स्वतःच्या घरामागे अशीच टाकी आहे आणि कडेला कढीपत्ता आणि गवती चहा आहे. गवती चहा आज काढला.

नऊवाजता

आमची भेंडी पण काढतोय. मग त्या जागेवर लावायचं तरी काय? नुसती मोकळी ठेवली की आई परत काहीतरी पेरणारच.

मैलापाणी

फुलं लावा. तेरडा, सदाफुली, अबोली, झेंडू, सगळ्यांची मुळं वरच्या वर राहतात आणि आईंना देवाला फुलं मिळतात. पाणी घालायचं नाही, खणायचं नाही, बोटभर उकरून बी टाकायचं. नारळ, आंबा, बांबू, उंबर-पिंपळ तिथून लांब ठेवा. केळ लावायचीच तर खड्ड्यावर नको, आठ-दहा फूट सोडून, घड उंचावर असतो आणि साल काढून खातो म्हणून चालतं, पण खाली पडलेली फळं मुलांना देऊ नका.

परड्यातली

बारा दिवसांनी लिहितेय. बाटली दुसऱ्या दिवशी सकाळीच काळी झाली होती. मी ती सासूबाईंना नेऊन दाखवली, काही बोलले नाही, त्याच म्हणाल्या हे आपल्या विहिरीचं? मग मोरीचं पाणी आणि संडासचं पाणी ह्यातला फरक काकांनी लिहिला होता तसाच सांगितला, तुमचं अळू बरोबरच होतं हे आधी सांगितलं. त्या बराच वेळ पडवीत बसून होत्या. ही विहीर सासऱ्यांनी आणि त्यांनी मिळून खणलेली, माती त्यांनी डोक्यावरून वाहिलेली. दुसऱ्या दिवशी उठून बघते तर मुळा आणि माठ त्यांनी नवऱ्याकडून कडेने उभं राहून, पायात गमबूट घालायला लावून उपटून घेतला होता आणि लांब बांधावर पुरला होता. पडवळाचा वेल मात्र त्यांनी स्वतः विळ्याने कापला.

टाकी उपसून घेतली. गवंडीकाम दादा, तुम्ही म्हणालात तेच निघालं, मोरी टाकीतच सोडलेली होती. ती आता वेगळी काढलीय, तिथे चार केळी आणि अळवाचे कांदे लागलेत. नवीन खड्ड्यांचं काम महाशिवरात्रीच्या आत करून घेतोय, पाइपचं अंतर ६८ फूट येतंय. पाणी उकळतोच आहोत, जिल्ह्याचा रिपोर्ट यायचाय. मुलीला डॉक्टरांना दाखवलं, औषध दिलंय.

मुळ्याचं बी सासूबाईंनी गेल्या वर्षीचं जपून ठेवलेलं होतं, ते आता विहिरीच्या वरच्या अंगाला, गोठ्यामागच्या वाफ्यात टाकलंय. एक विचारायचं राहिलं, जुन्या खड्ड्याभोवतीची ती ओली माती खत म्हणून दुसरीकडे टाकू नये ना? सासूबाईंनीच विचारायला सांगितलंय.

मैलापाणी

टाकू नका. तिथेच राहू दे, वर सुकी माती ओढून तेरडा पेरा, दोन पावसाळे जाऊ द्या. सासूबाईंना माझा नमस्कार सांगा.